खिडकी की आयल? आधी गुडघ्याला विचारा

एका वाचकाचं पत्र:

‘सांगलीहून लिहितो आहे. मी निवृत्त शिक्षक, वय 68. सौ. 64 वर्षांची. ऑक्टोबरात आम्ही दोघं मुलाकडे डॅलसला निघालो आहोत. विमानात बसायची ही पहिलीच वेळ. मुंबई ते दुबई तीन तास आणि पुढे दुबई ते डॅलस सलग सोळा तास. सौ.च्या उजव्या गुडघ्याचा सांधा गेल्या डिसेंबरात बदलला. आता चालते व्यवस्थित, पण फार वेळ पाय दुमडून बसली की गुडघा आखडतो. मला डायबेटिस आहे, प्रोस्टेटचाही त्रास आहे, दर दीड-दोन तासांनी उठावं लागतं. मुलगा विचारत होता, सीट निवडायचे वेगळे पैसे भरू का? मी नको म्हणालो. आधीच तिकिटांना त्याचा एवढा खर्च झालाय. शेजारचे म्हणतात, इमर्जन्सी एक्झिटची सीट मागा, ऐसपैस पाय पसरता येतात. जावई म्हणतात, भिंतीसमोरची पहिली रांग घ्या. सौ.ला खिडकी हवी आहे, आणि भीती वाटते म्हणून मी शेजारीच बसायला हवा आहे. विमानाचं नाव बोइंग 777 असं तिकिटावर लिहिलंय. कुठे बसावं?’

नमस्कार.

सगळ्यात आधी मुलाला फोन करा आणि सीटचे पैसे भर म्हणून सांगा. दोन्ही टप्प्यांचे भरायला नकोत. दुबई–डॅलसचे भरा, जातानाचे आणि येतानाचेही. मुंबई–दुबईचं पुढे सांगते. तिकिटावर झालेल्या खर्चाच्या मानाने ही रक्कम थोडी असते, आणि मुलाने ती आपणहून विचारली आहे. तुम्ही नको म्हणालात ते संकोचाने. या संकोचाबद्दलच मला तुमच्याशी जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण लांबच्या विमानप्रवासात आपल्या वयाच्या माणसांना सीटपेक्षाही जास्त त्रास त्याचाच होतो.

मी पहिल्यांदा लेकीकडे गेले तेव्हा सीट निवडलीच नव्हती. मिळेल तिथे बसू, असं म्हणाले होते. मिळाली ती मधल्या चार सीटांतली आतली. एका बाजूला एक तरुण मुलगा, दुसऱ्या बाजूला एक वयस्कर बाई आणि त्यांचे यजमान. जेवण झालं, दिवे मालवले आणि तिघंही झोपले. मला बाथरूमला जायचं होतं. उठवावं की नाही, याचा विचार करत मी जवळजवळ सहा तास तशीच बसून राहिले. पुन्हा जावं लागू नये म्हणून पाणीही प्यायले नाही. उतरताना पाय इतके सुजले होते की बूट चढेनात. पुढचे दोन दिवस पोटरी दुखत होती. लेक घाबरली, डॉक्टरकडे घेऊन गेली. सुदैवाने काही निघालं नाही. पण त्या सहा तासांत मला कुणीही अडवलं नव्हतं. ‘जरा जाऊ द्याल का’ एवढं म्हणायचं होतं, आणि ते मला म्हणता आलं नाही.

म्हणून आता कुणी विचारलं की मी एवढंच सांगते: सोळा तासांच्या प्रवासात आरामाची सीट म्हणजे जिथून कुणालाही न विचारता उठता येतं ती. रुंदी, पाय ठेवायची जागा, खिडकी, हे सगळं त्यानंतर बघायचं.

आता तुमच्या विमानाकडे वळू. 777 मध्ये इकॉनॉमीत हल्ली बहुतेक कंपन्या एका रांगेत दहा सीट बसवतात: तीन, मग वाट, मग चार, पुन्हा वाट, पुन्हा तीन. पूर्वी याच विमानात नऊ असायच्या, त्यामुळे आता एकेक सीट साधारण 17 इंचांची झाली आहे. डावीकडच्या तिघांना ए, बी, सी म्हणतात. मधल्या चौघांना डी, ई, एफ, जी. उजवीकडच्या तिघांना एच, जे, के. आय हे अक्षर गाळलेलं असतं, ते 1 या आकड्यासारखं दिसतं म्हणून. वाटेकडच्या सीटा चार झाल्या: सी, डी, जी आणि एच. यांनाच सगळे आयल सीट म्हणतात.

या चारही सारख्याच, असं मुलगा म्हणेल. तुमच्यासाठी त्या सारख्या नाहीत. वहिनींचा गुडघा उजवा आहे. तो अधूनमधून सरळ करायचा तर मोकळी वाट त्यांच्या उजव्या हाताला हवी. विमानाच्या नाकाकडे तोंड करून बसलात की सी आणि जी या दोन सीटांची वाट उजवीकडे येते. डी आणि एचची वाट डावीकडे येते. म्हणजे वहिनींना सी किंवा जी. (ज्या वाचकांचा डावा गुडघा दुखतो त्यांनी डी किंवा एच घ्यावी.)

सी आणि जी यांतून मी जी निवडेन. सीवर बसलं की आतल्या ए आणि बी या दोघांनाही बाहेर पडायला वहिनींना उठवावं लागणार. जीचं तसं नाही. मधल्या चौघांत ई डीच्या बाजूने बाहेर पडतो आणि एफ जीच्या बाजूने. म्हणजे वहिनींना उठवणारा माणूस एकच उरतो. नव्या सांध्याने सोळा तासांत दोघांसाठी उठबस करणं आणि एकासाठी करणं, यात बराच फरक पडतो.

आणि तुम्ही वाटेच्या पलीकडे, एचवर. दर दीड तासाला उठा, कुणाची झोपमोड होणार नाही. आतल्या जे आणि के या दोघांसाठी तुम्हाला उठावं लागेल, पण तुम्ही तसेही उठणारच आहात.

वहिनी म्हणतील, मग आपण शेजारी कुठे बसलो? त्यांना सांगा, जी आणि एच यांच्यामध्ये फक्त वाट आहे. हात लांब केला की हाताला हात लागतो. एकाच रांगेत, एकमेकांना दिसत, बोलता येईल इतक्या जवळ. तुम्ही एफवर बसलात तर खांद्याला खांदा लागेल हे खरं, पण मग रात्रभर दर दीड तासाला तुम्ही वहिनींनाच उठवणार. चार-पाच वेळा झालं की तुम्ही संकोचाने उठायचंच टाळाल. मी स्वतः तेच केलं होतं.

तुमच्या या उठण्याचा एक मोठा फायदाही आहे. एकाच जागी तासन्‌तास बसून राहिलं की पायांच्या शिरांतलं रक्त साकळतं आणि क्वचित गुठळी होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये यावरच्या संशोधनाचा अहवाल दिला. सलग चार तासांपेक्षा जास्त वेळ प्रवासात बसून राहिलं की हा धोका साधारण दुप्पट होतो, असं त्यात होतं. तरीही तो साधारण 6000 जणांत एकाला, म्हणजे घाबरून जाण्याइतका नाही. मात्र सांधा बदललेल्या, साठीपुढच्या माणसाने तो गांभीर्याने घ्यावा. अमेरिकन कॉलेज ऑफ चेस्ट फिजिशियन्स या तज्ज्ञांच्या संस्थेने 2012 च्या सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की स्वस्त वर्गात बसल्यामुळे गुठळी होते याला पुरावा नाही, पण खिडकीजवळ बसलेल्याचा धोका वाढतो. कारण साधं आहे, खिडकीजवळचा माणूस उठत नाही. तेव्हा तुम्ही जागेवरून उठलात की वहिनींच्या खांद्याला हात लावा आणि त्या जाग्या असतील तर त्यांनाही उठवा. मागच्या किचनपर्यंत दोघं चालत जा, दोन मिनिटं उभे राहा, परत या. बसल्या जागी पावलं घोट्यातून वरखाली करत राहायची, ती वेगळी.

आणि पाणी प्या. लघवीला जावं लागतं म्हणून तुम्ही पाणी तोडाल हे मला पत्रातूनच कळतंय. विमानातली हवा फार कोरडी असते, घसा आणि ओठ लगेच सुकतात. वाटेकडची सीट घेतल्यावर पाणी तोडायचं कारणच राहत नाही. बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर त्या दिवशी ती किती वाजता घ्यायची हे डॉक्टरांना विचारून घ्या, आणि वहिनींनी पायात घट्ट मोजे घालावेत का हे त्यांच्या सर्जनना विचारा. मेडिकलच्या दुकानातून अंदाजाने आणू नका. माप चुकलं तर ते मोजे गुडघ्याखाली काचतात.

आता शेजाऱ्यांचा सल्ला. इमर्जन्सी एक्झिटच्या रांगेत पाय भरपूर पसरता येतात, खरं आहे. पण ती जागा सवलतीची नाही, जबाबदारीची आहे. प्रसंग आला तर त्या रांगेतल्या माणसाने दार उघडायला मदत करायची असते. साध्या एअरबस ए-320 च्या पंखावरचा दरवाजाच सुमारे 15 किलोंचा असतो, तो उचलून बाजूला करावा लागतो. म्हणून नियम असा की तिथे बसणारा माणूस धडधाकट हवा, सूचना लगेच समजून हालचाल करणारा हवा. व्हीलचेअर मागितलेल्या प्रवाशाला ती रांग देत नाहीत, आणि चुकून मिळाली तरी क्रू येऊन उठवतात. पैसे भरून तिथे बसावं आणि निघायच्या पाच मिनिटं आधी सगळ्यांसमोर उठवलं जावं, ही वेळ वहिनींवर येऊ देऊ नका.

जावयांची भिंतीसमोरची रांग मला निम्मी पटते. पुढे कुणाची सीट नसते, त्यामुळे कुणी आपल्या तोंडावर पाठ रेलत नाही. पण तीन अडचणी. एक, जेवणाचा ट्रे हाताच्या दांड्यात दुमडून ठेवलेला असतो, त्यामुळे तो दांडा वर होत नाही आणि सीट आतून थोडी अरुंद लागते. दोन, पायाशी बॅग ठेवू देत नाहीत. उडताना आणि उतरताना गोळ्यांची पिशवीसुद्धा वरच्या कप्प्यात जाते. तीन, तान्ह्या बाळांचे पाळणे त्याच भिंतीला लावतात. बाळ रडणारच, त्याचा काय दोष, पण भीतीने आधीच कावरीबावरी झालेल्या माणसाला सोळा तास ते जड जातं. शिवाय काही विमानांत ती भिंत इतकी जवळ असते की गुडघा पुरता सरळ होत नाही. वाटेकडे तो होतो.

याला एक अपवाद आहे, तो इतर वाचकांसाठी सांगते. ज्यांचा पाय अजिबात वाकतच नाही, सांधा कायमचा जखडलेला आहे किंवा पाय प्लास्टरमध्ये आहे, त्यांना अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या विमानात त्याच वर्गातली भिंतीसमोरची किंवा पायाला जास्त जागा असलेली सीट द्यावीच लागते. हा अमेरिकेचा कायदा आहे आणि अमेरिकेत उतरणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागू आहे. ज्यांना हाताचा दांडा ओलांडून सीटवर सरकता येत नाही, त्यांना दांडा वर होणारी वाटेकडची सीट मागता येते. फोन करून आधीच सांगायचं. वहिनींचा गुडघा वाकतो, त्यामुळे त्यांना याची गरज नाही, आणि त्याचा मला आनंदच आहे.

दांड्यावरून आठवलं. वाटेकडच्या सीटचा बाहेरचा दांडा वर होत नाही असं वाटतं, पण बऱ्याच विमानांत होतो. दांड्याच्या खाली, बिजागरीजवळ बोटाला एक छोटी कळ लागते. ती दाबून दांडा उचलायचा. गुडघा न पिळता सरळ बाहेर पाय टाकून उठता येतं. सापडली नाही तर एअर होस्टेसला विचारा, त्यांना ठाऊक असतं. उडताना आणि उतरताना मात्र दांडा खाली हवा.

वाटेत पाय सरळ करायचा तो जागेपणीच. झोपेत पाय बाहेर राहिला तर अंधारात कुणाची तरी ठोकर लागते, नाहीतर जेवणाची ट्रॉली येऊन आदळते. त्या ट्रॉल्या जड असतात. नव्या सांध्यावर तो धक्का नको. झोपायच्या वेळी पाय आत, आणि समोरच्या सीटखाली बॅग ठेवायची नाही, ती जागा पायाला मोकळी ठेवायची. बॅग वरच्या कप्प्यात, गोळ्या आणि पाण्याची बाटली समोरच्या खिशात.

रांग कितवी घ्यावी? वहिनींना भीती वाटते, त्यामुळे इथे मी त्यांच्या बाजूने विचार करते. सांगलीहून कोल्हापूरला एसटीने जाताना मागच्या बाकावर बसलेला माणूस खड्ड्यात कसा उडतो ते तुम्ही पाहिलंय. तोच दोन चाकांच्या मधल्या बाकावर बसला तर हादरा निम्मा लागतो. विमानाचंही असंच. त्याचा तोल पंखांच्या आसपास असतो. हवा खराब असली की शेपटीकडचा भाग जास्त वरखाली होतो, पंखांजवळचा कमी. मुलाला सांगा, नकाशात पंख दाखवलेले असतात, त्यांच्या पट्ट्यातली रांग बघ. शेपटीपेक्षा तिथे आवाजही जरा कमी असतो.

टॉयलेटला अगदी चिकटून बसू नका. पाच-सहा रांगा अंतर ठेवा. चिकटून बसलं की रात्रभर दाराचा आवाज, दिव्याची तिरीप, आणि रांगेत उभ्या असलेल्या माणसांचे हात आपल्या सीटच्या पाठीवर. एकदम शेवटची रांगही नको. तिथली पाठ बऱ्याचदा मागे जातच नाही. एक्झिटच्या लगेच पुढच्या रांगेचंही तेच असतं, नकाशावर तशी खूण किंवा टीप असते. एरोलोपा नावाच्या संकेतस्थळावर विमानांचे मापात काढलेले नकाशे मिळतात. खिडकी नक्की कोणत्या रांगेला येते तेही त्यात कळतं. मुलाला सांगा, तो दोन मिनिटांत बघेल.

पुष्कळ 777 विमानांत अगदी मागे, जिथे विमान निमुळतं होतं, तिथे कडेला तीनऐवजी दोनच सीट असतात. नवरा-बायकोला त्या फार आवडतात, तिसरं माणूस नाही म्हणून. ज्यांना सारखं उठावं लागत नाही अशा जोडप्यांना मी त्या आवर्जून सुचवते. तुम्हाला नाही. तुमच्या प्रत्येक फेरीला वहिनींना उठावं लागेल, आणि हादरेही तिथेच जास्त.

आता खिडकी. पत्रातलं हे वाक्य मला सगळ्यात जवळचं वाटलं. भीती वाटते, तरी बाहेर बघायचं आहे. तर मग मुंबई–दुबईला त्यांना खिडकी द्याच. तीनच तास आहेत, गुडघ्याला तेवढे सोसतील. सीट घ्यायची ए, म्हणजे डाव्या खिडकीची, आणि तुम्ही बीवर. डावीच का, तर उजवा पाय तुमच्या बाजूला येतो. तुमच्या पायाशी जागा मोकळी ठेवलीत की त्यांना तो तिरका पसरता येईल. उजव्या खिडकीला बसल्या तर उजवा गुडघा भिंतीला लागेल. दुसरं कारण बघण्याचं. मुंबईची विमानं बहुतेक वेळा पश्चिमेला तोंड करून समुद्राच्या दिशेने उडतात. तेव्हा डाव्या हाताला जुहूचा किनारा येतो आणि हवा स्वच्छ असली तर पुढे दक्षिणेकडे वांद्रे-वरळी सागरी सेतूपर्यंत नजर जाते. रात्री असेल तर दिव्यांची अख्खी रेघ. तेवढ्या मिनिटांत त्या भीती विसरतील असं मला मनापासून वाटतं. या टप्प्याला पंखाच्या वरची रांग नको, नुसता पत्रा दिसत राहतो. पंखाच्या चार-पाच रांगा पुढे बघा.

या सीटांना पैसे नाही भरले तरी चालतील. वेब चेक-इन बहुतेक ठिकाणी निघण्याआधी 24 ते 48 तासांत सुरू होतं, तेव्हा उरलेल्या सीटा फुकट निवडता येतात. मुलाला त्या वेळेचा गजर लावून बसायला सांगा. ए आणि बी नाहीच मिळाल्या तर दुसरी कुठलीही खिडकी घ्या, गुडघ्याची अडचण तीन तासांपुरतीच आहे. विमानात चढण्याआधी टॉयलेटला जाऊन या. मधे एकदा उठावं लागलं तर सीवर बसलेल्या माणसाला सांगा. एकदा विचारायला हरकत नाही. लोक उठतात, आणि तुम्हाला वाटतो तितका त्यांना त्रास होत नाही.

व्हीलचेअर दोघांनाही मागा. इथेही संकोच नको. मुंबई आणि दुबईचे विमानतळ प्रचंड आहेत, दुबईत एका विमानातून दुसऱ्यापर्यंतचं अंतर वहिनींना पायी झेपणार नाही, आणि एकाला व्हीलचेअर असली की दुसऱ्याला धावत मागे जावं लागतं. तिकिटावरच नोंद करून घ्या, निघण्याच्या 48 तास आधीपर्यंत तरी. पायऱ्या चढता येतात पण लांब चालवत नाही, असं नेमकं सांगा, त्यासाठी वेगळी वर्गवारी असते. सेवेला पैसे लागत नाहीत. मात्र व्हीलचेअरचे प्रवासी विमानातून सगळ्यात शेवटी उतरतात. म्हणून लवकर उतरता यावं यासाठी पुढच्या रांगेच्या सीटला जादा पैसे भरण्यात तुम्हाला काही फायदा नाही. आणि दुबईत दोन विमानांमध्ये निदान तीन तास हवेत. तिकिटावर दीड-दोन तासच दिसत असतील तर आत्ताच मुलाला बदलून घ्यायला सांगा. सुरक्षा तपासणीत सांध्यातला धातू वाजेल, हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड हाताशी असू द्या.

सीट निवडून झाली की विषय संपला असं समजू नका. कंपनी विमान बदलते, तेव्हा सीटांची मांडणीही बदलते आणि जी-एचचं काहीतरी दुसरंच होऊन बसतं. निघायच्या आधी तीन दिवस आणि पुन्हा एक दिवस, मुलाने बुकिंग उघडून सीट नंबर बघावा. बदललेला असेल तर लगेच फोन करून पैसे भरल्याचं सांगायचं आणि वाटेकडचीच सीट मागायची.

शेवटचा संकोच विमानात चढल्यावर येईल. कुणीतरी येईल, बहुधा हसतमुख, आणि म्हणेल, आम्हाला एकत्र बसायचंय, तुम्ही जरा तिकडे सरकाल का? आपल्या पिढीला नाही म्हणता येत नाही. वहिनी तर पटकन उठतील, मला खात्री आहे. ‘तिकडे’ म्हणजे बहुतेक वेळा मधली सीट असते. त्यांच्याकडून घरीच एक वाक्य पाठ करून घ्या: ‘सॉरी, नी सर्जरी, आय नीड धिस सीट.’ एवढंच, हसून. ज्याने विचारलं तो पुढच्या माणसाला विचारेल. कुणी मराठी बोलणारं भेटलं तर मराठीत सांगा, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मला वाटेकडेच बसावं लागतं.

परतीच्या तिकिटावरही हेच. अक्षरं विमानाच्या तोंडाकडून ठरतात, दिशा उलटली तरी जीची वाट उजव्या हातालाच राहते. तेव्हा येतानाही वहिनी जी, तुम्ही एच. आणि दुबई–मुंबईला पुन्हा ए. तोवर वहिनींची भीती गेलेली असेल, कदाचित बीवर बसलेल्या तुम्हालाच त्या म्हणतील, जरा वाका आणि बाहेर बघा.

आज संध्याकाळी सांगलीत दिवेलागण होते त्या वेळी डॅलसला सकाळ असते. मुलगा कामावर निघायच्या आत फोन लावा.